गावची मोकळी जागा : बाग, बाजार आणि यात्रा

सातपुड्याच्या टेकड्या जेथे उतरतात आणि तापीकाठची काळी जमीन जेथे सुरू होते, त्या सांध्यावर तळोदा हे शहर वसले आहे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर हा जुना व्यापारी रस्ता येथून जातो. पश्चिमेस अक्कलकुवा, उत्तरेस धडगाव, पूर्वेस शहादा आणि दक्षिणेस नंदुरबार अशा चारही तालुक्यांशी या गावाचा नित्याचा संबंध आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासून तळोदा या जिल्ह्यात आहे. शहराची लोकसंख्या पंचवीस हजारांच्या आगेमागे. म्हणजे नगरपरिषद लहान. परंतु हा आकडा शहराच्या घरांतून राहणाऱ्यांचा आहे. शहराच्या मोकळ्या जागा वापरणाऱ्यांचा तो नव्हे.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, येथे कालिकामातेची यात्रा भरते व तिच्यासोबत बैलांचा बाजार भरतो. धनत्रयोदशीच्या सुमारास अस्तंबा शिखराकडे निघालेले यात्रेकरू याच गावातून पुढे डोंगर चढू लागतात. अश्वत्थाम्याचे स्थान मानले जाणारे हे शिखर धडगाव तालुक्यात आहे. पण वाटेतील विसावा, शिधा, पाणी आणि परतीची गाडी यांसाठी तळोद्याचाच आधार असतो. होळीपूर्वी डोंगरातील पाड्यांवरून खरेदीसाठी माणसे उतरतात. ९ ऑगस्ट या जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुका व सभा आता जिल्ह्यात सर्वत्र होतात. अशा दिवशी गावाची मोकळी जागा गावापेक्षा कितीतरी मोठ्या लोकसमुदायाची असते.

लहान नगरपरिषदांच्या कारभारात बागेचा प्रस्ताव आणि यात्रेची परवानगी हे दोन निरनिराळे विषय समजले जातात. बागेचे अंदाजपत्रक बांधकाम विभागाकडे तयार होते; यात्रेचा अर्ज पोलीस ठाणे, महसूल व आरोग्य विभाग यांच्याकडे फिरतो. दोन्ही कागद ज्या जमिनीविषयी आहेत, ती मात्र पुष्कळदा एकच असते, किंवा एकमेकींस लागून असते. बाग सुधारताना यात्रेची जागा आक्रसली आणि यात्रेच्या गर्दीत बाग तुडवली गेली, अशी तक्रार दोन्ही बाजूंनी ऐकू येते ती यामुळेच. या दोन गोष्टींचा विचार एकत्र करावयाचा, तर आरंभ झाडांपासून किंवा खेळण्यांपासून करून चालणार नाही. आरंभ जमिनीच्या नोंदीपासून करावा लागतो.

उद्यानाचे कायद्यातील स्थान

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ याच्या कलम ४९ मध्ये नगरपरिषदेच्या कामांची विभागणी बंधनकारक व ऐच्छिक अशी करण्यात आली आहे. पाणी, दिवाबत्ती, गटारे, सफाई ही बंधनकारक कामे. सार्वजनिक उद्याने, वाचनालये, वस्तुसंग्रहालये यांची गणना ऐच्छिक कामांत झाली. कर्मचाऱ्यांचे पगार आणि पाण्याच्या मोटारींचे वीजबिल भागविताना ज्यांची दमछाक होते, अशा नगरपरिषदांत ऐच्छिक कामाच्या वाट्याला शेवटी काय उरते हे वेगळे सांगावयास नको.

१ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने चित्र काहीसे बदलले. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांचे १८ विषय देण्यात आले असून त्यांतील १२ वा विषय उद्याने, बागा व क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधांचा, तर १३ वा विषय सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना देण्याचा आहे. ग्रामपंचायतींसाठी अकरावी अनुसूची आहे. तिच्यातील २९ विषयांत सांस्कृतिक कार्य २१ वे आणि बाजार व जत्रा २२ वा असे लागोपाठ आले आहेत. बाग एका खात्याची आणि जत्रा दुसऱ्या खात्याची, ही कल्पना घटनाकारांच्या डोळ्यांसमोर नव्हती, असे या क्रमावरून म्हणावयास हरकत नाही.

तथापि अनुसूचीत विषय आला म्हणून जमीन हाती येत नाही. शहरात मोकळी जागा येते ती मुख्यतः दोन वाटांनी. पहिली वाट विकास आराखड्याची. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये आराखड्यात उद्यान, क्रीडांगण, बाजार यांसाठी आरक्षणे टाकण्यात येतात. दुसरी वाट अभिन्यासाची, म्हणजे नव्या वसाहतीच्या ले-आउटची. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर व त्याहून मोठ्या क्षेत्राच्या अभिन्यासात १० टक्के जागा मनोरंजनासाठी खुली ठेवावी लागते. एक हेक्टरचे शेत बिगरशेती झाले, तर त्यातून १० आर, म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटर, खुली जागा निघते. लहान शहरांतील बहुतेक बागा अशाच तुकड्यांवर उभ्या आहेत.

या दोन्ही वाटांवर जागा हातची निसटण्याचे प्रसंग येतात. आरक्षणाच्या बाबतीत कलम १२७ फार महत्त्वाचे आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. आणि नोटिशीनंतर विहित मुदतीत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण आपोआप संपुष्टात येते. ही मुदत मूळ कायद्यात सहा महिन्यांची होती, पुढे ती बारा आणि २०१५ च्या दुरुस्तीने चोवीस महिन्यांची झाली. नोटीस कोणत्या दिवशी आली आणि ती कोणाच्या टेबलावर पडून राहिली, एवढ्या एका गोष्टीवर शहराची बाग राहते किंवा जाते. मुख्याधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, आवक-जावक लिपिक बदलतात; नोटिशीची मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही. म्हणून आरक्षणांची स्वतंत्र नोंदवही ठेवून तीत दहा वर्षे पूर्ण होण्याची तारीख आगाऊ लिहून ठेवणे, हे ज्या नगरपरिषदा करतात त्यांच्याकडे जागा टिकतात.

अभिन्यासातील खुल्या जागेची गोष्ट निराळी. ती नकाशावर असते. पण जमिनीवर तिला कुंपण नसते, मिळकत पत्रिकेवर कधी जुन्या मालकाचे नाव तसेच राहिलेले असते, आणि काही वर्षांनी तेथे एखादे बांधकाम उभे दिसते. ते बहुधा चांगल्या हेतूने उभारलेले असते, म्हणूनच ते हटवणे अवघड जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा या प्रकरणात उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी शुश्रूषागृहास देण्याचा निर्णय रद्द ठरविला. रुग्णालय हे लोकोपयोगी खरे, परंतु त्याने उद्यानाची जागा घेता येणार नाही, हा त्या निर्णयाचा गाभा होय. ग्रामीण भागासाठी जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य हा २८ जानेवारी २०११ चा निर्णय तितकाच मोलाचा आहे. त्यानंतर महाराष्ट्र शासनानेही १२ जुलै २०११ च्या शासन निर्णयाने गायरान व सार्वजनिक वापराच्या जमिनींबाबत कडक धोरण स्वीकारले. पंचायत सदस्यांनी हे दोन्ही निर्णय जवळ बाळगावेत असे आहेत.

यात्रेच्या मैदानाला काय लागते

बागेच्या अंदाजपत्रकात काय असते हे सर्वांना परिचयाचे आहे : संरक्षक भिंत, प्रवेशद्वार, पेव्हर ब्लॉकचे पादचारी मार्ग, हिरवळ, कारंजे, खेळणी, खुली व्यायामशाळा. यात्रेला व बाजाराला काय लागते, हे मात्र कागदावर फारसे कोणी मांडत नाही. ते येथे थोड्या विस्ताराने पाहणे उपयुक्त ठरेल.

खानदेशात आखाजी हा केवळ सण नव्हे, तर ते शेतीच्या वर्षाचे वळण आहे. सालदारांचे जुने साल येथे संपते व नवे ठरते. पेरणीपूर्वी बैलजोडी बदलावयाची, तर तीही याच सुमारास. म्हणून यात्रेला बैलबाजार जोडला गेला, तो योगायोगाने नव्हे. हा काळ भर उन्हाळ्याचा. पारा ४० अंशांवर गेलेला असतो. बांधलेल्या जनावराला सावली लागते, दिवसातून अनेकदा पाणी लागते, कडब्याची गाडी आत यावी लागते आणि बैल चालवून पाहण्यासाठी मोकळी धाव लागते. जमीन मातीचीच हवी. सिमेंटवर खुंटी ठोकता येत नाही आणि फरशीवर बैलाचा पाय घसरतो. ज्या मैदानावर सर्वत्र पेव्हर ब्लॉक बसविले गेले, तेथे बैलबाजार भरू शकत नाही, मग परवानगी असो वा नसो.

हीच गोष्ट होळीची. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. तिच्यासाठी उंच बांबू आणून तो खड्डा खणून उभा करतात, रात्रभर ढोलाच्या तालावर नृत्ये चालतात व पहाटे होळी पेटते. सातपुड्यातील गावोगावच्या होळ्यांना अशीच माती लागते, जिच्यात खड्डा घेता येईल. आणि नाचणाऱ्यांच्या रिंगणाला रुंदी लागते. मैदानाच्या मध्यभागी कारंजे बांधले, की रिंगण तुटते.

आखाजीचे आणखी एक अंग आहे. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई मांडतात आणि झाडाला झोके बांधून गाणी म्हणतात. झोक्याला निंबाची किंवा चिंचेची आडवी, भक्कम फांदी हवी. शोभेचे ताड आणि कातरलेली झुडुपे यांचा येथे काही उपयोग नाही. बागेत लोखंडी झोपाळे बसविले जातात, ते लहान मुलांसाठी योग्यच. पण आखाजीचा झोका मोठ्या बायकांचा असतो, ही बाब अंदाजपत्रक करणाऱ्याच्या लक्षात आणून द्यावी लागते.

याचा अर्थ बाग नको असा नाही. वर्षाच्या ३६५ दिवसांत यात्रेचे दिवस मोजके. उरलेल्या दिवसांत वृद्धांना बसावयास, मुलांना खेळावयास, परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांना वाचावयास जागा हवीच. लहान घरांत राहणाऱ्यांसाठी तर बाग ही घराचीच वाढीव खोली असते. प्रश्न आखणीचा आहे. कडेने सावलीच्या झाडांचा रुंद पट्टा, त्याखाली ओटे, बाके व खेळणी. मध्यभाग मोकळा व मातीचा. दोन बाजूंना बैलगाडी व अग्निशामक वाहन आत येईल इतकी रुंद फाटके. एका कोपऱ्यात माणसांसाठी नळ आणि जनावरांसाठी हौद. दुसऱ्या कोपऱ्यात स्त्रियांसाठी स्वतंत्र शौचालय. एवढ्या साधनांनी एकच जागा दोन्ही कामे करते. कायद्यानेही याला वाट ठेवली आहे. नगररचना अधिनियमातील कलम ३७-अ नुसार क्रीडांगणाचा वर्षातील मर्यादित दिवसांपुरता तात्पुरता अन्य वापर करण्यास परवानगी देता येते. मुंबईच्या शिवाजी पार्कवर खेळ, सभा, सोहळे आणि रहिवाशांची शांतता यांचा मेळ घालण्याचा खटाटोप वर्षानुवर्षे चालला आहे. तेथे २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने शांतता क्षेत्राचा प्रश्न ऐरणीवर आला. तेथील क्षेत्र मोठे व गर्दी मोठी. प्रश्नाची जात मात्र तळोद्याच्या मैदानाचीच. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, हेही आयोजकांना परवानगीच्या वेळीच लेखी कळविलेले बरे.

यात्रेतील लहान विक्रेत्यांचा उल्लेखही येथे करावयास हवा. पथविक्रेता अधिनियम, २०१४ अन्वये नगर पथविक्रेता समिती असते व तिच्यातील ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांतून निवडलेले असावे लागतात. बागेच्या भिंतीलगत ज्यांची दुकाने उठणार किंवा मांडली जाणार, त्यांचे म्हणणे काम सुरू होण्यापूर्वी ऐकण्याचे हे घरचे साधन आहे.

पुनर्वसित गावांतील बालोद्याने

उद्यान हा केवळ शहरांचा विषय आहे, असा समज असेल तर तो तळोदा तालुक्याच्याच इतिहासाने दूर होतो. सरदार सरोवर प्रकल्पात महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. त्यांतील अनेक कुटुंबांचे पुनर्वसन तळोदा तालुक्यात करण्यात आले. त्यासाठी वनजमीन मोकळी करण्यात आली. सोमावल, रोझवा, रेवानगर, नर्मदानगर ही नावे या पुनर्वसनाशी जोडलेली आहेत.

नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाचा अंतिम निवाडा डिसेंबर १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुनर्वसित गावात कोणत्या नागरी सुविधा असाव्यात, याची यादीच त्यात देण्यात आली आहे. दर १०० कुटुंबांमागे तीन खोल्यांची प्राथमिक शाळा. दर ५०० कुटुंबांमागे एक पंचायत घर, एक दवाखाना, एक बियाणे भांडार, एक बालोद्यान आणि एक गावतळे. दर ५० कुटुंबांमागे जनावरांच्या हौदासह पिण्याच्या पाण्याची विहीर व एक ओटा. धरणावरील वादात बुडालेल्या त्या प्रचंड निवाड्यात मुलांच्या बागेचा उल्लेख असावा, ही गोष्ट आजही फार थोड्यांना ठाऊक आहे. खेड्यातील मुलांचे खेळणे हा हक्काचा विषय म्हणून लिहून ठेवणारे त्या काळातील हे एक दुर्मिळ कागदपत्र होय.

या यादीकडे आज बारकाईने पाहिले, तर दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी, की ५०० कुटुंबांमागे एक हे प्रमाण लहान वसाहतीला गैरसोयीचे ठरते. दोनशे किंवा तीनशे कुटुंबांच्या गावात बालोद्यान कोणत्या हिशेबाने द्यावयाचे? शेजारच्या वसाहतीशी बेरीज केली, तर बाग दोन किलोमीटरवर जाते आणि पाच वर्षांचे मूल तेथे एकटे जात नाही. शहरांसाठी केंद्र शासनाच्या २०१४ च्या नियोजन मार्गदर्शिकेत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळ्या जागेची शिफारस आहे. तेथेही हीच अडचण येते. सरासरी पूर्ण होते आणि वस्ती कोरडी राहते. दुसरी गोष्ट ओट्याची. ५० कुटुंबांमागे एक ओटा, हे प्रमाण मात्र माणसांच्या चालण्याच्या अंतराशी जुळणारे आहे. डोंगरात भिलांची व पावऱ्यांची घरे आपापल्या शेतात, एकमेकांपासून अंतर राखून असतात. नव्या वसाहतीत ती ओळींनी, जवळजवळ आली. पूर्वी जेथे उतारावरचे एखादे मोठे झाड भेटण्याची जागा होते, तेथे आता रस्ता व चौक आले. अशा गावात झाडाखालचा ओटा हीच खरी पहिली बाग ठरते, आणि तिला खर्चही थोडा येतो.

अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना आज यासाठी साधनेही उपलब्ध आहेत. तळोदा हा संपूर्ण तालुका १९८५ च्या आदेशान्वये अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने गावातील बाजारांचे व्यवस्थापन आणि समाजाच्या परंपरा व साधनसंपत्ती यांचे जतन ही बाब ग्रामसभेकडे दिली. राज्याचे नियम २०१४ मध्ये आले. आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के रक्कम अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याची पद्धत २०१५ पासून सुरू झाली. होळीची जागा, बाजाराची जागा आणि मुलांच्या खेळण्याची जागा यांचा ठराव ग्रामसभेने चतुःसीमेसह लिहून घेतला, तर पुढील कोणत्याही योजनेत त्या जागेचा विचार आधी होतो. ‘शाळेजवळची मोकळी जागा’ असे मोघम लिहिलेले ठराव वादाच्या वेळी कामास येत नाहीत. गट क्रमांक, क्षेत्र आणि चारही बाजूंची नावे हवीत. अतिक्रमण झालेच, तर तलाठ्याच्या गाव नमुना १-ई मध्ये त्याची नोंद होते किंवा नाही, हेही पाहावे.

पाण्याचा हिशेब

बाग का सुकते, याचे उत्तर बहुधा अंदाजपत्रकातच दडलेले असते. उदाहरणादाखल १,००० चौरस मीटर हिरवळ घेऊ. तिला दररोज ५ मिलिमीटर पाणी द्यावयाचे धरले, तर एका चौरस मीटरला ५ लिटर याप्रमाणे दिवसाला ५,००० लिटर पाणी होते. भूमिगत गटार योजना नसलेल्या शहरांत दरडोई ७० लिटर हे पाणीपुरवठ्याचे प्रमाण धरण्यात येते. म्हणजे त्या हिरवळीवर रोज सुमारे ७० माणसांचे पाणी जाते. मे महिन्यात नळाला दिवसाआड पाणी येत असताना बागेतील फवारे चालू राहिले, तर नागरिक बोलणारच. आणि ते बंद केले, तर केलेला खर्च मातीमोल होतो. तेवढ्याच जागेत निंब, करंज, चिंच, जांभूळ, मोह, बहावा, पळस अशी या प्रदेशाची झाडे लावली, तर पहिली दोन-तीन वर्षे त्यांना आळ्याने पाणी द्यावे लागते. पुढे ती आपला भार आपण उचलतात. झटपट हिरवे दिसावे म्हणून कोनोकार्पससारखी परकी झाडे लावण्याचा मोह टाळावा. तळोद्याच्या शेजारच्या गुजरात राज्याने २०२३ मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

लावलेल्या झाडांची नोंद ठेवणे हे ऐच्छिक नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये दर पाच वर्षांनी वृक्षगणना करावयाची असते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ म्हणून संरक्षण मिळाले. यात्रेच्या मैदानाकाठचे जुने निंब या व्याख्येत बसतात किंवा कसे, हे ठरविण्यास मोठा खर्च येत नाही. गावातील वयोवृद्ध मंडळींची साक्ष, जुनी छायाचित्रे आणि बुंध्याचा घेर यांवरून प्राथमिक यादी तयार होऊ शकते.

निधीविषयी थोडक्यात सांगावयाचे, तर २०१५ च्या पहिल्या ‘अमृत’ अभियानाचा रोख प्रामुख्याने एक लाखावरील शहरांकडे होता. १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या ‘अमृत २.०’ मध्ये सर्व वैधानिक शहरे आली असून जलाशय व हरित जागा यांचाही त्यात समावेश आहे. राज्याचे ‘माझी वसुंधरा’ अभियान २ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झाले. या योजनांतून बाग उभी राहते. माळ्याचा पगार मात्र नगरपरिषदेने स्वतःच्या उत्पन्नातून द्यावयाचा असतो, आणि खरी मेख तेथे आहे. यात्रेच्या जागाभाड्याचा ठरावीक हिस्सा त्याच मैदानाच्या देखभालीसाठी वेगळा ठेवण्याचा ठराव केला, तर यात्रा ही बागेची शत्रू न राहता तिची पोशिंदी होते. बडोद्याचे सयाजी बाग १८७९ मध्ये सुरू झाले, ते संस्थानिकाच्या तिजोरीतून. इंग्लंडमध्ये बर्कनहेड येथील बाग १८४७ मध्ये खुली झाली, ती लोकांच्या पैशातून उभी राहिलेली पहिली बाग म्हणून ओळखली जाते. आपल्या लहान शहरांना दुसरा मार्गच खुला आहे.

माहिती कोणापर्यंत पोहोचते

खेड्यात ग्रामसभा आहे. तेथे दवंडी पिटली जाते, माणसे जमतात, प्रश्न विचारतात. शहरात घटनेच्या कलम २४३-एस प्रमाणे प्रभाग समित्यांची सक्ती आहे ती ३ लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांना. तळोद्याएवढ्या शहरात ग्रामसभेसारखी बैठक रुळलेली नाही. त्यामुळे बागेचे काम सुरू होणार, मैदानाचा अमुक भाग बंद राहणार, यात्रेचा मार्ग बदलणार, ही बातमी नागरिकांना मिळते ती काम सुरू झाल्यावर. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४(१)(क) नुसार जनतेवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सर्व संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करणे हे कार्यालयाचेच कर्तव्य आहे. त्यासाठी कोणी अर्ज करण्याची वाट पाहावयाची नसते.

सार्वजनिक सूचनांचे नमुने पाहिले, तर एक गंमत दिसते. लोकार्पणाच्या फलकावर मान्यवरांची नावे क्रमाने व बिनचूक असतात. बाग किती वाजता उघडते आणि नळ बिघडला तर कोणास सांगावयाचे, हे मात्र कोठेच नसते. उपयुक्त फलकावर कामाचे नाव, निधीचा स्रोत, मंजूर रक्कम, कंत्राटदार, काम पूर्ण होण्याची तारीख आणि दोषदायित्वाचा कालावधी एवढे असावे. शेवटची बाब विशेष महत्त्वाची, कारण त्या कालावधीत मोडलेले खेळणे दुरुस्त करण्याची जबाबदारी कंत्राटदाराची असते. लोकांना मुदत ठाऊक नसल्यामुळे ती निघून जाते आणि दुरुस्तीचे बिल नगरपरिषदेवर पडते.

सूचना कोणत्या मार्गाने द्यावयाची, हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे. तळोद्यात येणारा यात्रेकरू व बाजारकरू नगरपरिषदेच्या हद्दीत राहत नाही. त्याच्या घरची बोली भिली, पावरी, अहिराणी किंवा गुजरी असेल. नगरपरिषदेच्या फलकावर चिकटविलेला कागद त्याच्यापर्यंत पोहोचणे शक्य नाही. आठवडे बाजाराच्या दिवशी ध्वनिक्षेपकावरून त्या बोलींत पुकारा करणे, शेजारच्या ग्रामपंचायतींना पत्र पाठवून ते ग्रामसभेत वाचून दाखविण्याची विनंती करणे, एस. टी. स्थानकावर व आश्रमशाळांत मोठ्या अक्षरांतील सूचना लावणे, हे उपाय खर्चाचे नाहीत. यात्रेपूर्वी किमान महिनाभर आधी मैदानाचा साधा नकाशा लावावा : बैल येथे, पाळणे येथे, दुकाने येथे, पाणी येथे, रुग्णवाहिकेची वाट ही. अस्तंब्याच्या वाटेवरील यात्रेकरूंना पिण्याचे पाणी आणि प्रथमोपचार कोठे मिळतील, याचाही त्यात समावेश व्हावा.

शिक्षकांना या कामात स्वतंत्र स्थान आहे. राष्ट्रीय हरित सेनेचे विद्यार्थी वृक्षगणनेची प्राथमिक यादी करू शकतात. सातवी-आठवीच्या भूमितीत क्षेत्रफळ काढावयाचे असतेच; ते वहीतील काल्पनिक चौकोनाऐवजी वस्तीतील खुल्या जागेचे काढले, दोरी व मीटरपट्टीने मोजले आणि मंजूर अभिन्यासातील आकड्याशी ताडून पाहिले, तर गणिताबरोबर नागरिकशास्त्राचाही तास होतो. नकाशात १० आर आणि दोरीने ७ आर, असे आढळल्यास उरलेले ३ आर कोठे गेले, हा प्रश्न मुले घरी जाऊन विचारतील.

बैलबाजाराच्या मैदानाची मोजणी तर लवकर व्हावयास हवी. ट्रॅक्टर वाढले आहेत. मार्च २०१५ पासून गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांनाही लागू झाल्यापासून म्हाताऱ्या जनावरांच्या खरेदी-विक्रीचे गणित बदलले आहे. उद्या बाजारात बैल कमी आले, तर मैदानाचा मोठा भाग आखाजीलाही रिकामा दिसेल, आणि रिकाम्या दिसणाऱ्या जागेसाठी प्रस्ताव येण्यास वेळ लागत नाही. नगर भूमापन कार्यालयातून हद्द कायम करून घेणे, मिळकत पत्रिकेवर ‘सार्वजनिक मैदान व यात्रेची जागा’ अशी नोंद आहे का हे तपासणे आणि नसल्यास ती करून घेण्याचा ठराव सर्वसाधारण सभेपुढे ठेवणे, ही कामे पावसाळ्याच्या चार महिन्यांत, मैदान मोकळे असताना, उरकता येतात.